चेअरमन म्हणतात, "एआय आलंय ना, मग एएमसी निम्मी करा." काय उत्तर द्यावं?

किर्दखतावणी (सांगली):

नमस्कार मंडळी. इथं पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांतले बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम इथं विचारतोय.

माझा धंदा छोटा. विश्रामबागला ऑफिस, माझ्यासकट पाच माणसं. मिरज, तासगाव, विटा, आष्टा, जयसिंगपूर या पट्ट्यातल्या पतसंस्थांना सॉफ्टवेअर देतो. पिग्मी (एजंटकडे रोज भरायची छोटी बचत), ठेवी, कर्ज, सोनेतारण, किर्द, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स), ताळेबंद, सगळं आलं त्यात. सुरुवात फॉक्सप्रोवर केली, मग व्हीबी सिक्स, आता बहुतेकांना डॉट नेटवर आणलंय. दोन ठिकाणी व्हीबी अजून चालू आहे, कारण ते बंद पडत नाही आणि संचालक मंडळ खर्च मंजूर करत नाही. निम्म्याहून जास्त उत्पन्न एएमसीचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या वार्षिक देखभाल कराराचं. बाकी नवा रिपोर्ट काढून देणं, एसएमएस, जुना डेटा नव्यात आणणं, अशी वरकड कामं.

मार्चच्या तोंडावर एएमसीची बिलं पाठवली, तर एका जुन्या संस्थेच्या चेअरमनांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "तुमचं काम आता मशीन करतंय म्हणे. आमच्या पुतण्यानं एआयला मराठीत सांगून चार दिवसांत पिग्मीचं सॉफ्टवेअर उभं केलं. मग आमची एएमसी निम्मी नको का व्हायला?" पुतण्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं. दिसायला माझ्या स्क्रीनपेक्षा देखणं होतं, खोटं कशाला बोलू.

हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही स्वतः ही साधनं रोज वापरतो. एकच काम सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

एका संस्थेचा वीस वर्षांचा डेटा जुन्या, युनिकोड (आजची सर्वमान्य अक्षरपद्धत) येण्याआधीच्या मराठी फॉन्टात होता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना त्यातली गंमत ठाऊक आहे. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात तशी साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. म्हणजे "स्थिती" लिहायचं तर वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची, आणि "कीर्ती"तला रफार मागून पुढं आणायचा. मागे दुसऱ्या एका संस्थेसाठी हेच काम दोन पोरांनी दिवाळीची सुट्टी खर्ची घालून हातानं केलं होतं. या वेळी नमुन्याची काहीशे नावं, जुनी आणि नवी शेजारीशेजारी, क्लॉड या एआयला दिली आणि संध्याकाळपर्यंत कन्व्हर्टर तयार. चाचण्याही त्यानंच लिहिल्या, आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

डेटा आत गेला. आमच्या ऑफिसात एक मॅडम आहेत, आधी पतसंस्थेत क्लार्क होत्या, कोडिंगचा गंध नाही. सभासद रजिस्टर चाळता चाळता म्हणाल्या, "हे कर्हाडे कोण?" कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, जिथं जिथं तो आडवा रकार होता तिथं साधा रफार बसला होता. नमुन्याच्या नावांत असं एकही आडनाव नव्हतं, म्हणून चाचण्यांतही नव्हतं. तुम्ही म्हणाल, शुद्धलेखनाची चूक, सोडून द्या. पण कॉम्प्युटरच्या लेखी कऱ्हाडे आणि कर्हाडे ही दोन माणसं. जुनं कर्ज एका नावावर, नवीन जामीनकी दुसऱ्या नावावर. एकाच माणसानं किती जणांना जामीन राहायचं यावर त्या संस्थेची मर्यादा आहे, आणि तो तपास आमचं सॉफ्टवेअर नावावरून करतं, कारण वीस वर्षांपूर्वीच्या कागदांवर दुसरी खूणच नाही. ते तसंच गेलं असतं तर ऑडिटला कळलं असतं. किंवा त्याहून वाईट, वसुलीला.

तर काम कितीतरी पट लवकर झालं हे खरं, आणि मॅडम नसत्या तर ते चुकलं असतं हेही खरं. आता दोन प्रश्न:

१. एएमसीचं काय करू? चेअरमनांचं गणित चुकीचं आहे हे मला दिसतंय, पण त्यांच्या भाषेत मांडता येत नाही.

२. दरवर्षी जूनमध्ये बीसीएस-बीसीए झालेली दोन पोरं घेतो. वर्षभर रिपोर्ट आणि छोटे बदल करत ती शिकतात, मग त्यातला एक पुण्याला पळतो. आता ते छोटे बदल एआय करतंय. मग पोरं घ्यायची का? घेतली तर बसवायची कशावर?

फेज_थ्री_चा_ट्रॅफिक (पुणे):

साहेब, हिंजवडीत एका आयटी सर्व्हिस कंपनीत प्रकल्पांची डिलिव्हरी बघतो. तुमचे चेअरमन आणि आमचे न्यूजर्सीचे क्लायंट एकाच शाळेत शिकलेत. कराराचं नूतनीकरण आलं की पहिलं वाक्य तेच: एआयमुळे तुमचा वेळ वाचतो, त्यातला आमचा वाटा किती? आम्ही तासांवर बिल लावत आलो, त्यामुळे आमच्याकडे उत्तरच नसतं. तास कमी लागले की बिल कमी. जी गोष्ट विकत होतो तीच स्वस्त झाली. तुम्ही मुळात तास विकतच नाही, तेव्हा तुमची बाजू आमच्यापेक्षा बरी आहे.

आकड्यांबद्दल थोडं. सुंदर पिचाई ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हणाले की गूगलच्या नव्या कोडपैकी पाव भागाहून जास्त एआय लिहितं. लोक तेवढंच ऐकतात. तो कोड इंजिनिअर तपासून मंजूर करतात, हे पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. दुसऱ्या बाजूला मेटर नावाच्या अमेरिकी संस्थेनं जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्याच मुरलेल्या ओपन सोर्स प्रकल्पांतली २४६ कामं. काही कामांत एआय वापरू दिलं, काहींत नाही. एआय असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि गंमत म्हणजे, काम संपल्यावर त्याच मंडळींना वाटत होतं की आपण २० टक्के वेगानं केलं. तेव्हापासून साधनं सुधारलीत, माणसं थोडी होती, सगळं मान्य. पण मी त्यातून एवढंच घेतलं की "मला वेग आला असं वाटतं" हा पुरावा धरायचा नाही. घड्याळ लावून बघायचं. नव्या कोऱ्या कामात वेग भरपूर मिळतो. दहा वर्षांच्या जुन्या, अर्धं ज्ञान माणसांच्या डोक्यात असलेल्या सिस्टिममध्ये तो बराचसा तपासण्यात जिरतो. तुमचं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारातलं.

पोरांबद्दल: आमच्याकडेही खालचा थरच आधी पातळ होतोय. पूर्वी प्रकल्प लागला की दहा फ्रेशर, तीन सिनियर, वर एक मॅनेजर. आता क्लायंटच विचारतो की दहा कशाला? टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. कारण एआय नाही, कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीचं म्हणणं. त्यात गेलेले बहुतांश मधले आणि वरचे होते, हे विसरू नका. म्हणजे मार दोन्हीकडून आहे. पाच वर्षांनी सिनियर कुठून आणायचे, याचं उत्तर आमच्या टाऊन हॉलमध्ये (कंपनीच्या सगळ्यांच्या बैठकीत) विचारलं तर स्लाइड बदलते.

तिसऱ्या_वर्षाचा_पुतण्या (कोल्हापूर):

काका, मी तो पुतण्या नाही, पण तसलाच एक आहे :) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. माझ्या मामाचं गावात दूध संकलन केंद्र आहे. फॅट, एसएनएफ, दर, दसवड्याचं (दर दहा दिवसांचं) बिल, उचल, पेंडीचे पैसे वजा. हे तो वहीत करायचा आणि बिलाच्या आदल्या रात्री जागायचा. मी कर्सर हे एआयचं कोडिंग साधन वापरून त्याला सॉफ्टवेअर करून दिलं. आज ते चालतंय, शेजारच्या दोन केंद्रांनीही घेतलंय.

तुमच्या पोटावर पाय द्यायचा हेतू नाही, पण मामाच्या दारात तुमच्यासारखी कंपनी कधी आली असती का? त्याचं बजेट तीन हजार. तेवढ्यात कुणी एक स्क्रीनही करून देणार नाही. अशी हजारो माणसं आहेत, ज्यांच्याकडे आजवर वही होती आणि फार तर एक्सेल. ते काम कुणाकडून हिसकावलेलं नाही, ते नव्यानं तयार झालंय. सगळेच "नोकऱ्या जाणार" म्हणतात, या कामाचा हिशोब कुणी धरत नाही.

आता माझा प्रश्न. पुढच्या वर्षी कॅम्पस आहे. सिनियर म्हणतात डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) कर, यूट्यूब म्हणतं प्रॉम्प्टिंग शीक. करू काय?

किर्दखतावणी:

पुतण्याराव, मुद्दा पटला. तीन हजारात मी आलो नसतो, खरंय. एक परीक्षा घेतो, राग मानू नका. दसवड्याच्या मध्येच संघानं दर वाढवला तर तुमचं सॉफ्टवेअर आधीच्या दिवसांचं काय करतं?

तिसऱ्या_वर्षाचा_पुतण्या:

काहीच करत नाही काका. प्रत्येक पावतीवर त्या दिवसाचा दर साठवलाय, दरपत्रक बदललं तरी जुनी पावती हलत नाही. हे एआयनं सुचवलं नव्हतं. त्यानं दर वेगळ्या टेबलात ठेवून बिलाच्या वेळी गुणाकार केला होता. मामानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दर मध्येच बदलतो आणि त्यावरून भांडणं होतात, म्हणून मी दर पावतीवरच पक्का करून ठेवला होता.

किर्दखतावणी:

तुम्हाला डीएसए यायलाच हवं, कॅम्पसची पहिली चाळणी तीच आहे. पण मुलाखतीत कुणी "काय केलंस" विचारलं, तर ही दराची गोष्ट सांगा. मी तरी तेवढ्यावर घेतलं असतं.

निफाडची_व्यवस्थापक:

मी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांच्या बाजूची. पतसंस्थेत मॅनेजर आहे, तुमच्या चेअरमनांसारखे चेअरमन मलाही आहेत.

चेअरमनांना कोडशी देणंघेणं नाही, आणि खरं तर मलाही नाही. एएमसी मी कशाची देते सांगू? ३१ मार्चच्या रात्री साडेअकराला तेरीज चार रुपयांनी जुळत नाही, तेव्हा फोन उचलला जातो त्याची. ऑडिटर येऊन बसतो आणि म्हणतो थकबाकीची यादी मुदतीप्रमाणे फोडून द्या, तेव्हा ती निघते त्याची. सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी खातेउतारा लागतो, त्यात आधी नोटीस खर्च, मग व्याज, मग मुद्दल असा जमा क्रम आमच्या नियमाप्रमाणे दिसावा लागतो. समोरचा वकील एक ओळ चुकीची सापडायची वाटच बघत असतो. पुतण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ चुकली तर पुतण्या निबंधक कार्यालयात येणार आहे का? चेअरमनांना एवढंच विचारा.

पण थांबा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. आमचा सॉफ्टवेअरवाला एका रिपोर्टात एक कॉलम वाढवायला तीन आठवडे लावतो आणि वर पाच हजारांचं बिल देतो. "बघतो मॅडम, पोरं बिझी आहेत." आता मला ठाऊक आहे की हे काम दुपारभराचं आहे. ती सबब यापुढे चालणार नाही. एएमसी तीच देईन, कदाचित थोडी जास्तही, पण छोटे बदल त्यातच हवेत आणि त्याच आठवड्यात हवेत. तुमची ती "वरकड कामं" विसरा. तिथला पैसा गेला.

आणि एक. माझ्या सभासदांचा आधार, पॅन, कर्जाचा उतारा तुमच्या पोरांनी त्या एआयच्या खिडकीत चिकटवला, असं कळलं तर करार संपला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आमच्या फेडरेशनच्या प्रशिक्षणात शिकवला आम्हाला. जबाबदार आम्ही ठरतो, तुम्ही नाही.

किर्दखतावणी:

मॅडम, झोंबलं, पण चेअरमनांसमोर मला जे मांडता येत नव्हतं ते तुम्ही चार ओळींत मांडलंत.

डेटाचं आधी. आमच्याकडे नियम असा की खरा डेटा ऑफिसच्या सर्व्हरबाहेर जात नाही. एआयला दाखवायची ती टेबलांची रचना आणि बनावट सभासद. त्या फॉन्टच्या कामातही नावं आणि आडनावं सुटी करून, उलटसुलट जोड्या लावून दिली होती, खातेक्रमांक नाही, रकमा नाहीत. दोन कोटेशनं अशी आलीत की मॉडेल आपल्याच मशीनवर बसवा. चांगला ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर घेतला तर छोटं मॉडेल चालतं, पण आमच्या कामाला ते अजून कमी पडतं. वर्षभरानं बघू.

वरकड कामांबद्दल तुमचं खरं आहे. रात्री वहीवर हिशोब मांडला. गेल्या वर्षी जी छोटी बिलं केली, त्यातली बहुतेक कामं आता कॉफी गार व्हायच्या आत होतात. त्यांचे पैसे मागायला मलाच लाज वाटेल. पण ती फुकट करून एएमसी तीच ठेवली, तर उत्पन्न सरळ खाली येतं. मग वाढवायचं कुठं? एक जागा दिसते. आमच्या पट्ट्यात प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे. एका संस्थेत पिग्मी सहा महिन्यांच्या आत मोडली तर व्याज नाही, वर एजंटचं कमिशन कापायचं. दुसरीत कमिशन कापायचं नाही, पण सेवा आकार घ्यायचा. कुणी ठेवीचं व्याज ३६५ दिवसांवर काढतं, कुणी २०२४ सारख्या लीप वर्षात ३६६ वर, आणि कुणाला विचारलं तर "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे". हे नियम ठरावांच्या पुस्तकात आहेत, अर्धे मॅनेजरच्या डोक्यात आहेत, आणि उरलेले माझ्या जुन्या व्हीबी कोडमध्ये, जो लिहिणारा पोरगा आता सिंगापूरला आहे.

तो जुना कोड एआयकडून वाचून घेता येतो. नवा कोड लिहिण्यापेक्षा मला यात जास्त राम वाटतो. एका संस्थेचं व्याजाचं मॉड्यूल दिलं, साध्या मराठीत लिहून मागितलं: कोणत्या खात्याला, कोणत्या तारखेपासून, कोणता नियम. कागद निघाला आठ पानांचा. मॅडमनी आणि त्या संस्थेच्या मॅनेजरनी बसून तो तपासला. दोन नियम असे निघाले की संचालक मंडळानं ते केव्हाच बदलले होते आणि कोडमध्ये जुनेच चालू होते. एक नियम कुणालाच आठवेना, तो कशासाठी आहे ते शेवटी निवृत्त शिपायानं सांगितलं. संस्थेनं त्या कागदाचे पैसे आनंदानं दिले, कारण ऑडिटरला तोच हवा होता. असे कागद सगळ्या संस्थांचे करायचे म्हटले तर दोन वर्षांचं काम आहे.

आणि तिथं पोरांना बसवायचं. एकानं कोड आणि एआय सांभाळायचं, पण त्याआधी महिनाभर संस्थेच्या काउंटरमागं बसून किर्द लिहायची. रोखपालाशेजारी. दुसऱ्या जागेवर मात्र कोडिंगवाला घेणार नाही, बी.कॉम. झालेली, टॅलीवर हात बसलेली मुलगी किंवा मुलगा घेणार. आमच्या मॅडमसारखा डोळा हवा.

फक्त_वाचतो:

सगळे फार गोड बोलताय. पुतण्या आज चार दिवसांत करतो, दोन वर्षांनी चेअरमन स्वतः फोनवर बोलून करतील. मग तुमच्या आठ पानी कागदाचं काय? मोठा कोअर बँकिंगवाला क्लाऊडवर महिना अमुक रुपयांत सगळं देईल आणि नियमांचा कागद त्याचं एआयच काढेल. छोट्या दुकानांचं किराणामालासारखंच होणार.

किर्दखतावणी:

होऊ शकतं. क्लाऊडवाले आताच फिरताहेत, दोन संस्था गेल्यात माझ्या. एक परत आली, एक आली नाही. जी आली नाही ती खुश आहे, मी विचारलं. त्यांचे नियम साधे होते, तिथं माझी गरज नव्हतीच. पोटनियमांचा गुंता असलेल्या संस्था तेवढ्या माझ्याकडे उरतील असं धरून चालतोय, आणि त्यांची संख्या आजच्यापेक्षा कमी असेल हेही धरून चालतोय. म्हणूनच दोनाऐवजी कोडवाला एकच.

फेज_थ्री_चा_ट्रॅफिक:

साहेब, नवीन एएमसीचा मसुदा करणार असाल तर तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, व्याज, जमा क्रम, तेरीज यांत सॉफ्टवेअरमुळे चूक झाली तर दुरुस्ती किती तासांत आणि कुणाच्या खर्चानं. तुम्ही हे लिहून देऊ शकता, पुतण्या देऊ शकत नाही, म्हणून दराचं समर्थन तिथंच आहे. दुसरी, संस्थेतल्या कुणी स्वतः एआयकडून डेटाबेसला हात लावला तर ती जबाबदारी तुमची नाही. हसू नका. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एआय एजंटनं एका अमेरिकी उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला, काही बदलू नकोस असं स्पष्ट बजावलेलं असताना. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. तुमच्या चेअरमनांकडे माफी मागायला कोण येणार? डेटाबेसचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे ते आधी बघा.

तिसरी, तुमच्याच पोरांसाठी. एआय कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं (दुसऱ्यानं लिहिलेल्या तयार कोडचं) नाव ठोकून देतं, आणि चोर मंडळी त्याच नावाची लायब्ररी बनवून टाकून ठेवतात. पोरगं डोळे झाकून इन्स्टॉल करतं. पतसंस्थेच्या सर्व्हरवर हे नको. बाहेरची कुठलीही लायब्ररी तुमच्या सहीशिवाय बसणार नाही, एवढा नियम पुरे.

निफाडची_व्यवस्थापक:

पहिल्या कलमात "तासांत" लिहिताय तर ३१ मार्च आणि १ एप्रिल वेगळे लिहा. त्या दोन दिवशी माणूस समोर हवा, फोनवर नाही. आणि मसुदा झाला की मलाही पाठवा, आमच्यावाल्यासमोर ठेवते.

किर्दखतावणी:

पाठवतो. रविवारपर्यंत.